मूळ नसलेल्या प्रतिकृती : कधीच न बनलेले जर्मन रणगाडे आणि कागदातल्या रिकाम्या जागा

१/
लांबी ३५ मीटर, रुंदी १४ मीटर, उंची ११ मीटर, वजन १,००० टन. डोक्यावर युद्धनौकेच्या जातीच्या दोन तोफा, प्रत्येकीच्या नळीचा व्यास २८ सेंटिमीटर. १९४२ साली जर्मनीत आखल्या गेलेल्या या रणगाड्याचे नाव होते 'राटे', म्हणजे घूस. त्याचा एक बोल्टही कधी आवळला गेला नाही. तरीही आज तो खोक्यात बंद होऊन घरपोच येतो आणि चार-सहा संध्याकाळी खर्ची घातल्या की टेबलावर उभा राहतो. ज्याचे मूळच अस्तित्वात नव्हते, त्याची प्रतिकृती कशी करतात? आणि ती करताना इतिहासाचे काय होते? आजचा धागा याविषयी. जरा मोठा आहे, सवडीने वाचावा. #थ्रेड

२/
आरंभी एक वर्गवारी करून घेऊ, कारण या छंदातला निम्मा गोंधळ तिच्या अभावी होतो. 'न बनलेले जर्मन रणगाडे' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात.
अ) तयार झाले, चालवून पाहिले, पण सैन्यात दाखल झाले नाहीत. उदा. 'माउस'.
आ) बांधणीला आरंभ झाला, पण ती पुरी झाली नाही. उदा. 'ई-१००'.
इ) केवळ कागदावर राहिले. उदा. 'ई-५०', 'ई-७५', 'राटे'.
या तिसऱ्या वर्गाला अभ्यासक 'पेपर पँझर' म्हणजे कागदी रणगाडे म्हणतात. खोक्यावरची चित्रे मात्र तिन्ही वर्गांची सारखीच देखणी असतात.

३/
पहिला वर्ग पाहू. 'माउस' म्हणजे उंदीर. फर्डिनांड पोर्श यांच्या आखणीतला हा उंदीर १८८ टनांचा होता. त्या काळी ज्याच्या नावाने धडकी भरे त्या 'टायगर'च्या तिपटीहून अधिक जड. मुख्य तोफ १२८ मिलिमीटरची, तिच्या शेजारी ७५ मिलिमीटरची दुसरी. हे वजन पेलणारे पूल वाटेत मिळणे कठीण. म्हणून नदी तळावरून चालत ओलांडायची, आणि त्या वेळी काठावरच्या दुसऱ्या 'माउस'ने केबलमधून वीज पुरवायची, असा बेत होता. एका रणगाड्याला नदी ओलांडायला दुसरा रणगाडा लागणार, हे तेव्हा आखणीतच गृहीत धरले होते.

४/
मे १९४३ मध्ये हिटलरला 'माउस' दाखवण्यात आला तो लाकडाचा होता. पूर्ण आकाराचा, पण लाकडी. रणगाड्यांच्या कारखान्यांत ही रीतच असे. चिलखती पोलाद कापण्यापूर्वी लाकडी नमुना उभा करून तोफ कोठे येईल, माणूस कोठे बसेल, झाकण कोठून उघडेल हे पाहिले जाई. म्हणजे आज टेबलावर प्लास्टिकची प्रतिकृती जोडणारा माणूस जे करतो, त्याचे मोठे भावंड खुद्द शस्त्रनिर्मितीच्या प्रक्रियेत आधीपासूनच होते. फरक इतकाच की त्या नमुन्यापुढे उभे राहून निर्णय घेणाऱ्याच्या हाती लाखोंचे प्राण होते.

५/
'माउस'चे दोन नमुने पोलादात उतरले. तोफेचा बुरूज मात्र त्यांपैकी एकालाच लाभला. युद्धाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्याला बुरूज असलेला नमुना स्फोटाने उद्ध्वस्त झालेल्या अवस्थेत सापडला. त्यांनी त्याचा बुरूज उचलून पहिल्या नमुन्याच्या धडावर चढवला. मॉस्कोजवळच्या कुबिंका येथील संग्रहातला जगातला एकमेव 'माउस' तो हाच.
प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने ही चैन आहे. छायाचित्रे आहेत, मापे घेता येतात. १:३५ या प्रमाणात सुमारे २९ सेंटिमीटर लांबीचा उंदीर निःशंकपणे जोडता येतो. फक्त ध्यानात ठेवायचे की संग्रहालयात जे उभे आहे तेही दोन वाहनांचे मिळून झालेले एक आहे.

६/
आता दुसरा वर्ग. 'ई-१००' हा १४० टनांचा आराखडा. जून १९४३ मध्ये त्याचे काम 'आडलर' कंपनीकडे सोपवले गेले आणि जुळणी पाडरबॉर्नजवळच्या हाउस्टेनबेक येथील चाचणीस्थळी सुरू झाली. १९४४ मध्ये अतिजड रणगाड्यांची कामे थांबवण्याचा हुकूम निघाला. तरीही हे काम अत्यल्प प्राधान्याने रेंगाळत राहिले. जुळणीवर 'आडलर'ची अवघी तीन माणसे होती. साम्राज्य सर्व बाजूंनी कोसळत असताना एका शेडमध्ये तीन माणसे १४० टनांच्या यंत्राला एकेक भाग जोडत आहेत, हे चित्र त्या राजवटीच्या शेवटच्या महिन्यांविषयी पुष्कळ काही सांगते.

७/
१९४५ च्या वसंतात ते अर्धवट धड दोस्त फौजांच्या हाती लागले. त्याची छायाचित्रे घेतली गेली, ते ब्रिटनला नेण्यात आले आणि पुढे भंगारात गेले. त्या छायाचित्रांत धड आहे, चाके आहेत; बुरूज नाही. तो त्या धडावर कधी चढलाच नव्हता. पत्रव्यवहारात आणि आराखड्यांत निरनिराळ्या तोफांचा आणि बुरुजांचा विचार आढळतो.
खोक्यातला 'ई-१००' मात्र बुरुजासह येतो. कोणी त्यावर 'माउस'सारखा बुरूज देतो, कोणी क्रुपच्या हलक्या बुरुजाचा पर्याय. दोन्ही जोडून झाले की दोन्ही तितकेच खरे वाटतात. मुद्दा येथेच सुरू होतो.

८/
इतिहास लिहिणाऱ्याला एक सोय असते. पुरावा संपला की तो वाक्य तेथे थांबवू शकतो, 'बहुधा' लिहू शकतो, परिच्छेद मोकळा सोडू शकतो. प्लास्टिकला 'बहुधा' म्हणता येत नाही. साच्यात झाकण असते किंवा नसते. बोल्टची डोकी आठ असतात किंवा दहा. चिलखताचा कोन 'अंदाजे' कापता येत नाही. त्यामुळे प्रतिकृती जिथे कागद मुका आहे तिथेही बोलते, आणि जिथे कागद बोलतो तिथल्याइतक्याच ठाम स्वरात बोलते. संस्कृत टीकाकार मल्लिनाथ याचा दंडक होता की आधार नसलेले काही लिहायचे नाही. साचा बनवणाऱ्याला हा दंडक पाळायचा म्हटले तर त्याचा रणगाडा अर्धाच राहील.

९/
तिसऱ्या वर्गात ही अडचण शिगेला पोहोचते. 'ई' म्हणजे 'एन्टविक्लुंग', विकास. जर्मन शस्त्रास्त्र कार्यालयातले अभियंते हाइनरिश अर्न्स्ट क्नीपकांप यांनी ही मालिका कल्पिली : ई-५, ई-१०, ई-२५, ई-५०, ई-७५, ई-१००. आकडे वजनाचे गट दाखवतात. 'ई-५०' ने 'पँथर'ची जागा घ्यायची आणि 'ई-७५' ने 'टायगर-२'ची. दोघांचे जास्तीत जास्त भाग सामाईक ठेवायचे. कामही अशा कंपन्यांना द्यायचे, ज्यांच्यावर तोवर रणगाड्यांचा भार नव्हता.

१०/
येथे एक मौज आहे. आज 'ई' मालिकेचे नाव काढले की डोळ्यांपुढे राक्षसी यंत्रे येतात. कागदावरचा तिचा हेतू मात्र रुक्ष, जवळजवळ कारकुनी होता : कमी प्रकारचे भाग, कमी कामाचे तास. तोवरच्या जड जर्मन रणगाड्यांत तळाशी आडव्या पोलादी कांबी असत; त्या पिळल्या जाऊन धक्के सोसत. त्यांनी आतली जागा खाल्ली होती आणि दुरुस्ती जिकिरीची केली होती. 'ई-५०' आणि 'ई-७५'मध्ये त्यांऐवजी बशीच्या आकाराच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगा धडाच्या बाहेर बसवायच्या होत्या. म्हणजे हे आराखडे विजयाच्या कैफातून आलेले नाहीत. टंचाईने त्यांना आकार दिला आहे.

११/
मग खोक्यातला 'ई-५०' येतो कोठून? तीन दिशांनी. धडाचा आकार बहुतांशी 'टायगर-२'वरून अनुमानलेला. चाकांची रचना उपलब्ध तांत्रिक माहितीवरून. बुरूज पुष्कळदा 'श्मालटुर्म', म्हणजे 'पँथर'साठी आखलेला अरुंद बुरूज. हा बुरूज मात्र खरोखर बनला होता. त्याचा एक गोळ्यांनी छिन्नविच्छिन्न झालेला नमुना इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आहे.
दिवाळीत अंगणात रायगड करणारे मूल जोत्यांवर स्वतःच्या कल्पनेतला राजवाडा चढवते, त्यातलाच हा प्रकार. जोती खरी, भिंती अनुमानाच्या. मुलाच्या किल्ल्याला पाहून कोणी वास्तूचे मोजमाप ठरवत नाही. 'ई-५०'च्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते.

१२/
घडते कसे ते पाहा. एका कंपनीने अनुमानाने साचा केला. त्यावरून कोणी संगणकीय चित्र काढले. 'वर्ल्ड ऑफ टँक्स'सारख्या खेळाने त्या वाहनाला वेग, चिलखत आणि 'जीव' यांचे आकडे दिले. लाखो खेळाडूंनी ते वाहन चालवले. आता त्यांच्या लेखी 'ई-५०' हा 'पँथर'इतकाच खरा आहे. त्याच्या समोरच्या चिलखताची जाडी त्यांना तोंडपाठ असते. पुढे एखादा प्रतिकृतीकार खेळातल्या चित्राशी ताडून खोक्यातला भाग 'चुकला' म्हणतो. अनुमानाने अनुमानाची साक्ष काढली आणि मधल्या मध्ये कागद हरवला.

१३/
म्हणून या क्षेत्रात थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉइल यांचे ऋण मोठे आहे. 'पँझर ट्रॅक्ट्स' या पुस्तिकामालेत त्यांनी मूळ जर्मन कागदपत्रे आणि शिल्लक वाहनांची प्रत्यक्ष मापे यांच्या आधारे रेखाटने केली. कागदी रणगाड्यांनाही स्वतंत्र पुस्तिका दिल्या. कथा आणि दस्तऐवज यांमधली रेघ त्यांच्यामुळे ठळक झाली. मोडीचे रुमाल वाचून बखरीतल्या गोष्टी तपासणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

१४/
जाता जाता १:३५ या प्रमाणाविषयी. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे हे जवळजवळ जागतिक प्रमाण आहे. पण ३५ हा आकडा तसा विचित्रच. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या 'तामिया' कंपनीने मोटरवर चालणारा 'पँथर' बाजारात आणला. आत दोन बॅटरी मावल्या पाहिजेत, एवढ्या हिशेबाने त्याचा आकार ठरला. मागाहून मोजले तेव्हा तो सुमारे १:३५ भरला. पुढे सगळ्यांनी तोच धरला. म्हणजे ज्या मापात आपण इतिहासाशी मिलिमीटरची इमानदारी राखतो, ते माप बॅटरीच्या जाडीने ठरवलेले आहे.

१५/
याच मापात 'राटे' केला तर? ३५ मीटरला ३५ ने भागा : बरोबर १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद, ३१ सेंटिमीटरहून थोडा अधिक उंच. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मावणार नाही. म्हणूनच 'टाकोम' कंपनीने तो १:१४४ मध्ये काढला. तिथे तो सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो.
या आराखड्यामागचे नाव एडवर्ड ग्रोटे यांचे. १९३०च्या आसपास त्यांनी सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला रणगाड्यांच्या आखणीवर काम केले होते. जून १९४२ मध्ये ही कल्पना हिटलरपुढे गेली, क्रुपकडे काम आले, आणि १९४३ च्या आरंभी शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअर यांनी ते बंद केले.

१६/
'राटे'विषयीचा दस्तऐवज तुटपुंजा आहे. परंतु प्रतिकृती करणाऱ्याला एक विलक्षण साधन उपलब्ध आहे. 'राटे'साठी सुचवलेल्या तोफा 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ' या युद्धनौकांवर होत्या त्याच जातीच्या. 'ग्नाइझेनाउ'चा तीन तोफांचा एक अख्खा बुरूज युद्धकाळात नॉर्वेच्या किनाऱ्यावर आउस्ट्रॉट येथे बसवण्यात आला. तो आजही तेथे आहे. आत उतरून पाहता येतो.
त्या बुरुजाचे वजन सुमारे ८०० टन सांगितले जाते. तीनऐवजी दोन तोफा धरून थोडी सूट द्या. तरीही १,००० टनांच्या 'राटे'त उरलेल्या वजनात ३५ मीटरचे धड, त्याचे चिलखत, एंजिने, पट्टे, इंधन आणि माणसे बसवायची आहेत.

१७/
हा हिशेब कागदावर कोणीही करू शकतो. पण हाताने जोडताना तो अंगात भिनतो. बुरूज धडावर ठेवला की डोळ्यांनाच कळते की खालचे धड त्याला पुरे पडणार नाही. रुंदीही पाहा. 'टायगर' रेल्वेने न्यायचा तर ७२५ मिलिमीटर रुंदीचे लढाऊ पट्टे उतरवून ५२० मिलिमीटरचे प्रवासी पट्टे चढवावे लागत. एवढी वॅगनच्या रुंदीची कटकट होती. १४ मीटर रुंदीचे वाहन कोणत्या रुळावरून, कोणत्या गावातून, कोणत्या पुलावरून जाणार? प्रतिकृती चांगली झाली तर ती आराखड्याची स्तुती करत नाही, त्याची उलटतपासणी घेते. या छंदाचे मला वाटणारे खरे मोल हेच आहे.

१८/
आता रंगाकडे येऊ. येथे प्रतिकृतीकाराची अनुमानशक्ती पणाला लागते. कधीच न बनलेल्या रणगाड्याचा रंग कोणता? उत्तर 'तो कोणत्या महिन्यात बनला असता' यावर अवलंबून. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद पिवळा झाला. त्यावर लालसर तपकिरी आणि हिरवे पट्टे ओढले जात. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून पृष्ठभागावर 'त्सिमेरिट' नावाचा खरबरीत लेप देत. सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद करण्याचा आदेश निघाला. तेव्हा १९४५ च्या 'ई-७५'वर त्सिमेरिट थापणारा माणूस स्वतःच्याच कल्पनेतली तारीख मोडतो.

१९/
चाकांचेही तसेच. रबराच्या टंचाईमुळे १९४४ मध्ये 'टायगर'ला पोलादी कडांची चाके आली. त्यामुळे १९४५ च्या कल्पित रणगाड्याला रबरी धावा लावणे म्हणजे नसलेले रबर मंजूर करणे होय.
बारकाईने पाहिले तर उत्तम प्रतिकृतीकार येथे इतिहासकाराचेच काम करतो. शिल्लक आदेश, समकालीन वाहने आणि मालाची उपलब्धता यांवरून तो शक्यतेची मर्यादा आखतो. निपर, पॉलिश पेपर, पुट्टी आणि एअरब्रश ही त्याची हत्यारे. पद्धत मात्र आपल्याच वर्गातली. कल्पनेला मोकळे सोडायचे, पण तारखेच्या दाव्याला बांधून.

२०/
प्रश्न असा की ही शिस्त बोल्टपाशी आणि रंगापाशीच का थांबावी? खोक्यावरच्या चित्रात 'ई-७५' बहुधा चिखल तुडवत निघालेला असतो. शत्रूची वाहने मागे जळत असतात. त्याच शिस्तीने विचारू : त्याच्या टाकीत इंधन कोठून आले? १२ मे १९४४ पासून अमेरिकी विमानांनी जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने लक्ष्य केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुमानिया बाजू बदलून गेला आणि तिथले तेलही. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमच्या ला ग्लेझ गावात जर्मन तुकडी आपली जड वाहने टाकून पायी निघून गेली, कारण इंधन उरले नव्हते. त्यांतला एक 'टायगर-२' अजूनही त्या गावात उभा आहे. १९४५ च्या 'ई-७५'ची सर्वांत प्रामाणिक मांडणी बहुधा तशीच दिसली असती : रस्त्याकडेला, निर्मनुष्य, झाकणे उघडी.

२१/
संख्येचाही विचार हवा. 'टायगर' सुमारे १,३५० बनले, 'टायगर-२' पाचशेहून कमी. समोर अमेरिकेचे 'शर्मन' सुमारे ४९ हजार आणि सोव्हिएत 'टी-३४' युद्धकाळातच ५० हजारांहून अधिक. 'आणखी सहा महिने मिळाले असते तर' हे वाक्य या छंदाच्या चर्चांत नेहमी येते. त्या सहा महिन्यांत समोरच्या बाजूचे कारखाने सुट्टीवर गेले असते, असे त्यात न बोलता धरलेले असते. जर-तरचा विचार इतिहासात त्याज्य नाही. कारणे तोलून पाहायला तो उपयोगी पडतो. पण तराजूच्या एकाच पारड्यात वजने टाकत राहणे याला तोलणे म्हणत नाहीत.

२२/
आणि सर्वांत मोठी रिकामी जागा. हे रणगाडे बांधले असते कोणी? मार्च १९४२ मध्ये फ्रिट्झ साउकेल यांची परक्या देशांतून मजूर आणण्याच्या कामावर नेमणूक झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी 'राटे' हिटलरच्या टेबलावर आला. ऑगस्ट १९४४ पर्यंत जर्मन साम्राज्यात परदेशी मजूर आणि युद्धकैदी मिळून सुमारे ७६ लाख माणसे राबत होती. त्यांतल्या बहुसंख्यांना बळाने आणले गेले होते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट व्हालेंटीनच्या 'निबेलुंगेनवेर्क' या रणगाडा कारखान्याला १९४४ मध्ये माउटहाउझेन छळछावणीची उपछावणी जोडलेली होती. 'माउस'चे धड आणि बुरूज करणाऱ्या क्रुपचे आल्फ्रीड क्रुप यांना १९४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे १२ वर्षांची शिक्षा झाली. आरोपांत सक्तमजुरीचा वापर प्रमुख होता. १९५१ मध्ये ते सुटले.

२३/
म्हणजे 'ई-७५' पोलादात उतरला असता तर त्याच्या प्रत्येक वेल्डमागे बहुधा एखादा उपाशी माणूस असता. खोक्यात चालक, तोफची, कमांडर यांचे पुतळे मिळतात. हा माणूस मिळत नाही. युद्ध हरत चालले तेव्हा नाझी प्रचाराने 'चमत्कारी शस्त्रां'ची आशा दाखवली, आणि त्या आशेवर लोकांना आणखी काही महिने लढवले, मारले. न बनलेल्या यंत्रांविषयीचे अचंबित कौतुक आजही नकळत त्याच प्रचाराचे ऋण बाळगते : 'अभियंते असामान्य होते, फक्त वेळ कमी पडला.' वेळ कमी पडला म्हणून किती जण छावण्यांतून जिवंत बाहेर आले, हा हिशेब त्या वाक्यात बसत नाही.

२४/
मग हा छंद सोडावा काय? मला तसे वाटत नाही. या प्रतिकृती जोडणारे बहुसंख्य लोक यंत्राच्या, आकाराच्या आणि हातकामाच्या ओढीने येतात, आणि त्यांतले काही पुढे दस्तऐवजांपर्यंत पोहोचतात. इतिहासाकडे येण्याची ही वाट इतर अनेक वाटांहून वाईट नाही. फक्त प्रतिकृतीला जे म्हणता येत नाही ते आपण म्हणायला हवे.
एक साधी सूचना. प्रतिकृतीसोबत वहीच्या पानाएवढी चिठ्ठी ठेवावी, तीन रकान्यांची : 'पुरावा', 'अनुमान', 'कल्पना'. 'ई-१००' असेल तर धड पहिल्या रकान्यात, बुरूज दुसऱ्यात, अंगावरचा लढाईचा चिखल तिसऱ्यात. 'राटे' असेल तर तोफा पहिल्यात, आणि बाकी बरेच काही पुढच्या दोहोंत.

२५/
शक्य असेल तर 'ई-१००' एकदा बुरुजाशिवाय करून पाहावा. हाउस्टेनबेकच्या शेडमधला, अंगावर गंजरोधक प्राइमर, भोवती सुटे भाग, जवळ तीन माणसे आणि शेडच्या दाराबाहेर १९४५ चा एप्रिल. बुरुजाच्या जागचे वर्तुळाकार भोक तसेच उघडे ठेवावे. स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही कदाचित. पण खोक्यातल्या साऱ्या भागांपैकी पुराव्याने सिद्ध होणारे तेवढेच आहे.

आपल्यापैकी कोणी कागदी रणगाडे जोडले असतील तर छायाचित्र अवश्य टाकावे, आणि सोबत त्या तीन रकान्यांची चिठ्ठीही. कोणता भाग कोणत्या रकान्यात घालावा यावर वाद होणारच. तो खाली रंगू द्या. पुढचा धागा ८०० मिलिमीटरच्या 'डोरा' तोफेवर. ती मात्र खरोखर बनली होती.